नदीतलं बेट गावानं राखायचं कसं : जानेवारी ते जूनचं काम

आमच्या भीमेच्या पात्रात, उजनी धरणाच्या खालच्या अंगाला, पंढरपूरच्या अलीकडे वाळूचं एक बेट आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं, दिवाळीनंतर हळूहळू डोकं वर काढतं आणि फेब्रुवारीत तिथं चांगली पुळण तयार होते. लहानपणी आम्ही तिथं पोहायला, टरबुजं खायला जायचो, पण त्याच वाळूवर पाखरं अंडी घालतात हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता काही वर्षं आम्ही दहा-बाराजण मिळून ते बेट राखतोय, आणि बऱ्याच जणांनी विचारलं की आमच्याही गावाजवळ असं बेट आहे, सुरुवात कुठून करू, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतोय. गोदावरी, तापी, वैनगंगा, कुठल्याही नदीला यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी बेटावर कोण राहतं ते ओळखा

मुख्य पाहुणा म्हणजे नदी सुरय. पिवळीजर्द चोच, विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी, लाल पाय, शेपटीला लांब चिमटा, आणि पाण्यावर घिरट्या घालत एकदम सूर मारून मासा उचलणार. हा पक्षी आता जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, आणि त्याला घरटं म्हणून फक्त उघडी वाळू लागते. काडी नाही, गवत नाही, वाळूत पोटानं केलेला एक खळगा आणि त्यात दोन-तीन अंडी. अंड्यांचा रंग असा की तुम्ही हातभर अंतरावर उभे असलात तरी दिसणार नाहीत, खरंच नाही दिसत. सोबत टिटवी असते, कंठेरी चिखल्या असतो (तो तर एवढासा, चिमणीपेक्षा थोडा मोठा, पळतो मात्र यंत्रासारखा), नशीब असेल तर मोठा करवानक.

मार्च ते मे हा मुख्य काळ. सुरयाचं अंडं उबायला साधारण तीन आठवडे आणि पिल्लू उडायला त्यानंतर महिनाभर, म्हणजे एका जोडीला बेट सलग सात-आठ आठवडे शांत हवं. हे आठवडे नेमके कुठले? तर सोलापूर जिल्ह्यात पारा बेचाळीसच्या पुढे असतो ते. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो बसतो सावली द्यायला. आईबाप आळीपाळीनं पाण्यावर जातात, पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटानं अंडी गार ठेवतात. तुम्ही बेटावर पाय ठेवला की सगळे सुरय उडतात, डोक्यावर ओरडत फिरतात, आणि तुम्ही फोटो काढत असता तेवढ्या वेळात खाली अंडी तापत असतात. कुणी हात लावायचीसुद्धा गरज नाही.

आमच्याकडून हेच झालं. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहानं 1 मेला, महाराष्ट्र दिन म्हणून, बेटावर स्वच्छता मोहीम ठेवली. शाळेची पोरं, पोती, बॅनर, सगळं. दोन तास आम्ही प्लास्टिक वेचत होतो आणि वर पाखरं ओरडत होती आणि आम्हाला वाटलं की किती छान, पक्षीपण आलेत. नंतर एका कोळी काकांनी होडीतूनच हाक मारली की अहो तुम्ही अंडी तुडवताय. आम्ही जागेवर थांबलो, खाली बघितलं, एका मुलीच्या चपलेपासून वीतभर अंतरावर तीन अंडी होती. मागच्या बाजूला दोन घरटी फुटलेली सापडली. त्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून पहिला नियम सांगतो: स्वच्छता फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरका, नाहीतर जूनमध्ये पिल्लं उडाल्यावर आणि नदीला पाणी यायच्या आत करा, मध्ये अजिबात नाही, कितीही कचरा दिसला तरी नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत काय करायचं

स्वच्छता म्हणजे फक्त बाटल्या आणि पिशव्या नव्हेत. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तुटलेली तंगूसाची (नायलॉन धाग्याची) जाळी. ती वाळूत अर्धी पुरलेली असतात, दिसत नाहीत, आणि पिल्लाचा पाय अडकला की संपलं. हातमोजे घालून, ओढून, जागेवर न जाळता पोत्यात भरून आणा. आमच्याकडे मासेमारी करणाऱ्यांनीच ही जाळी कुठं कुठं अडकतात ते दाखवलं.

दुसरं काम उंचवटा मोकळा करायचं. बेटाचा जो सगळ्यात उंच भाग असतो तिथं बेशरम, वेडी बाभूळ, वाळलेली जलपर्णी असं काहीबाही माजतं. सुरयाला झाडोरा नको असतो, त्याला चारी बाजूंनी उघडं दिसलं पाहिजे, म्हणजे कोल्हा-कुत्रा लांबून कळतो. वर झुडपं असली की तो खाली, पाण्याच्या काठाजवळच्या उघड्या वाळूवर बसतो आणि तिथं पाणी चढलं की पहिलं घरटं त्याचंच जातं. त्यामुळे जानेवारीत वरचा भाग मुळासकट साफ करा. पूर्ण बेट नाही, फक्त उंचवटा. कडेचं गवत राहू द्या, त्यात बाकीच्यांचा संसार असतो.

आमचे एक आबा म्हणतात टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दांडगा. हा अंदाज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बांधतात, खरा-खोटा तो भाग सोडा, पण या एका गोष्टीमुळे गावातली म्हातारी माणसं आमच्याशी बोलायला लागली, यंदा टिटवी कुठं बसलीय रे म्हणून रोज विचारायला लागली. तुमच्या गावातही अशी काही समजूत असेल तर तिथून बोलणं सुरू करा, 'जैवविविधता' शब्दापासून करू नका. आणि टिटवी रात्री ओरडली की अशुभ असं मानणारेही भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका, ती का ओरडते ते एकदा बॅटरी घेऊन काठावरून दाखवा. आमच्याकडे निम्म्या वेळा खाली कुत्रं निघालं.

तिसरं, आडोसा. जुन्या घरांची नळीची कौलं मिळाली तर आठ-दहा कौलं उंचवट्यावर थोड्या थोड्या अंतरानं पालथी ठेवून द्या, एक बाजू थोडी उघडी. पिल्लं उन्हात आणि घार आल्यावर त्याखाली शिरतात. सुरयांच्या वसाहतींमध्ये अशी आडोशाची युक्ती बाहेरच्या देशांतही वापरतात. पण कौलं फेब्रुवारीतच ठेवायची, अंडी दिसायला लागल्यावर ठेवायला जायचं नाही. आणि बेटावर झेंडे, पाटीचे खांब, बांबू काहीही उभं करू नका. खांब दिसला की कावळा त्यावर बसतो आणि वरून सगळी घरटी मोजतो. पाटी लावायची ती काठावर, जिथून होडी सुटते तिथं.

पाण्याचं वेळापत्रक, हेच खरं काम

कुत्रे, माणसं, कावळे सगळे मिळून जेवढं नुकसान करतात त्यापेक्षा जास्त एका रात्रीत अचानक आलेलं पाणी करतं. आमच्या वरती उजनी आहे, साधारण 117 टीएमसीचं धरण. उन्हाळ्यात तिथून नदीत पाणी सोडलं जातं, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं असं पाणी आणलं गेलंय, शिवाय नदीकाठच्या गावांची मागणी असते, पंढरपुरात यात्रा असली की वाळवंटात स्नानाला पाणी हवं असतं. ही सगळी गरज खरी आहे, माणसांना पाणी मिळू नये असं कोण म्हणेल. पण पाणी मंगळवारी सुटणार की पुढच्या मंगळवारी, एकदम सुटणार की टप्प्याटप्प्यानं, याने पाखरांचा हंगाम ठरतो.

तर करायचं असं. जानेवारीतच पाटबंधारे खात्याच्या जवळच्या शाखा कार्यालयात दोन-तीनजण जाऊन या, सोबत सरपंचांचं पत्र असलं तर बरं. उन्हाळी आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या पाळीच्या, अंदाजे तारखा विचारा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीची बातमी स्थानिक पेपरात येते, तिचं कात्रण ठेवा. नदीत पाणी सोडायचं असेल तर विसर्ग हळूहळू वाढवता येईल का एवढीच विनंती लेखी द्या. हळू चढणाऱ्या पाण्यात पिल्लं तरी सरकून वर जातात. तारखा ऐनवेळी बदलतात, त्यामुळे तिथल्या एखाद्या माणसाशी बोलणं ठेवा जो आदल्या दिवशी फोन करेल. आम्हाला आता फोन येतो, "परवा पाणी येतंय, तुमच्या पाखरांचं काय?" तो फोन पहिल्यांदा आला त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्याच सत्काराचा होणार नाही.

धरणातून सुटलेलं पाणी तुमच्या बेटापर्यंत यायला किती तास लागतात ते पहिल्या वर्षी घड्याळ लावून मोजून ठेवा. काठावर एखाद्या पक्क्या दगडावर ऑइल पेंटनं खुणा करा, वीतभर अंतरानं, म्हणजे किती विसर्गाला पाणी कुठवर चढतं ते दोन वर्षांत कळतं. आणि खाली कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याकडेही बघा, कारण बर्गे (बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या) टाकले की पाणी मागं फुगतं, धरणातून थेंब सोडला नाही तरी तुमचं बेट बुडू शकतं. बर्गे कधी टाकणार-काढणार ते बंधाऱ्यावरच्या माणसाला माहीत असतं, त्याला चहाला बोलवा.

उलटंही होतं. पाणी फार उतरलं की बेट आणि काठ यांच्यामधला चर कोरडा पडतो आणि बेटाचा रस्ता होतो. मग गुरं, भटकी कुत्री, कोल्हे, सगळे चालत येतात. यावर आमचा उपाय साधा: चर जिथं सगळ्यात अरुंद असतो तिथं वेड्या बाभळीच्या काट्यांचं आडवं कुंपण, कमरेएवढं. तारेचं नको, तारेत पाखरं अडकतात आणि तार चोरीला जाते. गुराख्यांना आधी सांगा, विश्वासात घ्या, त्यांना पाण्यासाठी दुसरी वाट ठेवा. ज्यांची पात्रात डांगरवाडी (टरबूज-खरबुजाची वाडी) असते त्यांच्याशी तर नोव्हेंबरातच बसून ठरवा की टरबुजं कुठपर्यंत. ते लोक उन्हाळाभर तिथंच झोपडी करून राहतात, ते तुमच्या बाजूनं असले तर अर्धं काम झालं.

आणि एक प्रश्न नेहमी येतो, पाणी येणार कळल्यावर अंडी उचलून वर ठेवली तर? नका ठेवू. कोकणात वेळासला 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी समुद्री कासवांची अंडी हॅचरीत हलवून केवढं मोठं काम उभं केलं, ते सगळ्यांना माहीत आहे, पण कासवीण अंडी घालून समुद्रात निघून जाते, तिला परत यायचं नसतं. सुरयाला त्याच खळग्यावर परत येऊन बसायचं असतं. जागा बदलली की आईबाप सोडून देण्याची भीती असते, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी खराब करणं, त्यांना त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. वनखात्याला कळवा, ते सांगतील तेवढंच करा.

राखणदार कोण असावा

इथं मी ठाम आहे. राखणदार नदीवरचाच माणूस हवा, मासेमारी करणारा, आणि त्याला पैसे द्यायचेच. हौशी पोरं दोन रविवार येतात, तिसऱ्या रविवारी लग्नसराई असते.

चंबळ नदीवर हेच करून दाखवलंय. तिथं वाळूच्या बेटांवर पाणचिरा नावाचा पक्षी वीण करतो, लाल-नारिंगी चोच, खालची चोच वरच्यापेक्षा लांब, पाणी चिरत उडतो म्हणून पाणचिरा. जगात तीन हजारांच्या आत उरलेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परवीन शेख यांनी तिथल्या गावकऱ्यांना घरट्यांचे राखणदार म्हणून उभं केलं आणि घरटी वाचण्याचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 27 टक्क्यांपर्यंत गेलं, त्यांना त्यासाठी 2023 चा व्हिटली हा निसर्गसंवर्धनाचा पुरस्कारही मिळाला. 27 हा आकडा लहान वाटेल पण विचार करा, जवळजवळ दुप्पट. तिथंही अडचणी आपल्याच, वरच्या धरणांमुळे पाणी चढतं-उतरतं, पाणी उतरलं की कुत्री आणि गुरं बेटावर.

आम्ही रोजगार हमीच्या मजुरीचा हिशोब धरतो. 2025-26 ला महाराष्ट्रात तो दिवसाला 312 रुपये होता, नव्वद दिवसांचे 28,080 होतात. गावाबाहेर नोकरीला असलेल्या पोरांनी महिन्याला थोडे थोडे दिले तरी जमतं, आमचं तसंच जमतं. हिशोब मंदिराच्या भिंतीवर लावा, दर महिन्याला. पैशावरून संशय आला की काम संपलं.

राखणदारानं बेटावर बसायचं नाही. काठावर किंवा होडीत, निदान शंभर मीटर लांब. त्याच्याकडे दुर्बीण (8 बाय 42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरते), टोपी, पाण्याचा कॅन, लाइफ जॅकेट आणि एक वही. लाइफ जॅकेटवर तडजोड नको. 21 मे 2024 ला उजनीच्या फुगवट्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. तोच मे महिना, तेच वळवाचे दिवस, जेव्हा आपला माणूस होडीत असतो. दुपारी तीननंतर आभाळ दाटलं की होडी काठाला, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनमध्ये हवं, घरटी बुडाली तरी चालतील पण माणूस पाण्यात जाता कामा नये.

वहीत काय लिहायचं तर तारीख, पाण्याची खूण, अंदाजे किती सुरय बसलेले, किती पिल्लं दिसली, कोण आलं (माणूस, कुत्रं, कावळा), किती वेळ थांबलं. बस एवढंच. ही वहीच पुढे ग्रामपंचायतीत, वनखात्यात, पाटबंधाऱ्यात तुमच्या बाजूनं बोलते.

फोटोवाले आणि रील

बेटाचं नाव मी लिहीत नाही ते यामुळे. एका वर्षी आमच्यातल्याच एकानं पिल्लाचा फोटो लोकेशनसकट टाकला, पुढच्या शनिवारी चार गाड्या आणि एक ड्रोन. ड्रोन म्हणजे पाखरांना शिकारी पक्षीच वाटतो, अख्खी वसाहत उठली. त्यांना हाकलायला गेलो तर भांडण झालं असतं, म्हणून राखणदारानं त्यांना होडीत बसवून लांबून एक फेरी मारली, समजावलं, त्यातले दोघे आता दर महिन्याला पैसे पाठवतात. पण हे दरवेळी होणार नाही. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) नोंद करा जरूर, नेमकी जागा टाकू नका, विणीचे फोटो जूननंतरच टाका, आणि घरट्याजवळ उभं राहून काढलेला फोटो ग्रुपवर आला तर त्याला लाइक नाही, सरळ विचारायचं किती अंतरावरून काढला.

वाळू

हे लिहिताना हात आखडतो, पण न लिहून कसं चालेल. बेट म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे पैसा. रात्री बोटी लावून उपसा होतो, महसूलवाले मधून मधून जिलेटिननं बोटी उडवतात, पुन्हा नवीन येतात. तुम्ही रात्री अडवायला जाऊ नका. एकट्यानं तर नाहीच, व्हिडिओ काढायलाही नाही. 112 आहे, तहसील कार्यालय आहे, वन्यजीवांचं काही असेल तर वनखात्याचा 1926 आहे.

तुमचं खरं हत्यार दिवसाउजेडी चालतं. ग्रामसभेत ठराव घ्या की हे बेट आणि दोन्ही बाजूंचा पट्टा वाळूगटात (वाळू उपशासाठी आखलेल्या भागात) धरू नये, ठरावाच्या प्रती तलाठी, तहसीलदार आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या. जिल्ह्याचा वाळूचा सर्वेक्षण अहवाल तयार होतो तेव्हा त्याचा मसुदा 21 दिवस लोकांच्या हरकतींसाठी वेबसाइटवर ठेवावा लागतो, त्यावर लक्ष ठेवा आणि वहीतल्या नोंदी जोडून हरकत घ्या. आणि 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, बहुतेक ठिकाणी कागदावरच. तिची बैठक लावायला लावा, लोक जैवविविधता नोंदवहीत बेट, सुरय, अंडी घालायचे महिने, सगळं चढवा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण बेट कागदावर नसेल तर साहेब बदलला की दरवर्षी पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं पिल्लू उडालं की बेटावर जा, कौलं गोळा करून आणा, चरातले काटे काढा, नाहीतर पहिल्या पुरात ते वाहून खालच्या गावाच्या जाळ्यात जातात. राखणदाराचा शेवटचा हप्ता त्याच दिवशी हातात द्या. वहीची झेरॉक्स काढून एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. आणि काठावरच्या त्या दगडावरच्या खुणांना पुन्हा रंग द्या, पावसाळ्यात पुसट होतात.